कुंभार्ली घाट आणि दोन पंखे

फॅनने रेडिएटर (इंजिनाचं पाणी गार करणारी जाळी) खाल्ला तो चिपळूणहून कराडकडे चढणाऱ्या कुंभार्ली घाटात, हेळवाकच्या अलीकडे, रात्री अडीचच्या सुमाराला. एप्रिल २०२२. गाडीत गुहागरकडून भरलेल्या आंब्याच्या पेट्या, दोन टनांच्या वर माल, आणि सकाळी सहाला कराडच्या मार्केट यार्डात पोचायचा शब्द दिलेला. आधी बारीक किरकिर ऐकू आली. मग पत्र्यावर सुरी ओढावी तसा आवाज, आणि समोरच्या जाळीतून वाफेचा लोट. गाडी बाजूला घेतली, टॉर्च मारला, तर फॅनच्या पात्यांनी रेडिएटरच्या जाळीवर अर्धगोल कोरून ठेवलेला.

कारण साधं होतं. माझी टाटा ४०७ जुनी आहे. तिचं ४९७ इंजिन, म्हणजे चार सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, २९५६ सीसी. त्या इंजिनवर फॅन वॉटर पंपाच्याच हबवर बसतो. पंपाच्या बेअरिंगला ढिलाई आली की फॅन डोलायला लागतो, आणि इंजिनाखालचं एखादं रबरी माउंटिंगही दबलेलं असलं तर चढावर पाती जाळीला टेकतात. माझ्या दोन्ही गोष्टी झालेल्या होत्या. पाटणहून दुसरी गाडी बोलवून माल तिच्यात भरला. भाडं गेलंच, वर तिचं भाडंही खिशातून दिलं. ती रात्र मी विसरलेलो नाही. पुढे जे काही केलं त्याची सुरुवात तिथून झाली.

पंप नवा टाकला, रेडिएटरची जाळी नवी बसवली, माउंटिंग बदलली. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण या गाडीचं एक दुखणं जुनंच होतं. घाटात ती कधी फारशी तापायची नाही, तापायची ती रांगेत. मार्केट यार्डाच्या फाटकाशी दर दोन मिनिटांनी दहा फूट पुढे सरकायचं, इंजिन चालू, मे महिन्याचं ऊन, आणि काटा हळूहळू वर. फॅन पट्ट्यावर चालतो. इंजिन सावकाश तर फॅनही सावकाश. जिथे वाऱ्याची सगळ्यात जास्त गरज, तिथेच तो सगळ्यात कमी वारा देतो. उलट कराड-पाटणच्या सपाट रस्त्यावर समोरून फुकटचा वारा येत असताना हा जीव तोडून फिरत असतो. आणि फॅनचा हिशोब असा की वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट होते. ही ताकद जाते डिझेलमधूनच.

म्हणून ठरवलं, इंजिनचा फॅन काढायचा आणि विजेवरचे दोन पंखे बसवायचे.

आमच्या मिस्त्रींना हे पटलं नाही. "मालक, कंपनीनं काय येडं म्हणून बसिवलाय व्हय त्यो? ह्यो लोखंडी फॅन कधी फ्यूज उडून बंद पडत न्हाई." हा आक्षेप खरा होता आणि तो मी शेवटपर्यंत डोक्यात ठेवला. आबांचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांनी तीस वर्षं घाटात गाड्या चालवल्या. ते म्हणाले, "आरं, फॅनचा आवाज हाय म्हणून तर मला इंजिन काय म्हणतंय ते कळतं." त्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

आधी तीन आठवडे मी काहीच बदललं नाही, फक्त मोजलं. गाडीतला काटा भरवशाचा नव्हता, म्हणून तापमान मोजायची इन्फ्रारेड गन घेतली आणि थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) घरावर काळ्या रंगाचा ठिपका दिला, म्हणजे दर वेळी एकाच जागी नेम धरता यावा. चमकत्या धातूवर ही गन खोटं सांगते, त्यासाठी तो काळा रंग. पोफळी सोडल्यावर एकदा, घाटाच्या मध्यावर एकदा, आणि माथ्यावर पोचल्या पोचल्या एकदा, असे आकडे वहीत लिहीत गेलो. भरल्या गाडीला, दुपारच्या वेळी, सर्वांत जास्त आकडा ९२ अंश आला. रांगेत तासभर उभं राहिल्यावर ९८. वहीची ती दोन पानं नंतर सगळ्यात उपयोगी पडली. आधीचे आकडे नसते तर नंतर काय सुधारलं आणि काय बिघडलं हे मला कधीच कळलं नसतं.

या मोजणीतच एक गोष्ट उघड झाली. हिवाळ्यात पहाटे कोयनानगरहून निघालो की पाटण येईपर्यंत इंजिन गार राहायचं, ते का, हे कळलं. थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही! कधीतरी कोणीतरी "गाडी तापते" म्हणून काढून टाकलेला. आपल्याकडे हे सर्रास होतं. नवा आणला, आणि बसवण्याआधी घरी पातेल्यात पाण्यात टांगून गॅसवर ठेवला. सोबत थर्मामीटर. ८० च्या आसपास तोंड उघडायला लागलं आणि ९२-९३ ला पुरतं उघडलं. हा भाग नसेल तर विजेच्या पंख्यांना काही अर्थ राहत नाही, कारण ते तापमान बघून चालू-बंद होतात आणि इंजिनच नीट तापत नसेल तर ते बघणार काय.

पंखे नवे घेतले नाहीत. कोल्हापूरच्या भंगार बाजारातून एका सात आसनी गाडीचे १२ व्होल्टचे दोन पंखे काढले, प्रत्येकाचा व्यास ३० सेंटिमीटर. विकत घेण्याआधी बॅटरीला लावून दोन्ही मिनिटभर फिरवले, कान देऊन बेअरिंग ऐकलं आणि क्लॅम्प मीटरने करंट बघितला. प्रत्येकी १४ अँपिअर. सुरू होतानाचा झटका त्याच्या दुपटीपेक्षा जास्त होता, तो क्षणभरच असतो, पण फ्यूज आणि रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) निवडताना तोही धरावा लागतो.

माझ्या रेडिएटरची जाळी ५२ बाय ४८ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २५०० चौरस सेंटिमीटर. दोन पंख्यांची तोंडं मिळून १४०० च्या आसपास. उरलेल्या जवळपास निम्म्या जाळीतून वारा यायचा तर पंख्यांमागे काऊल हवाच, म्हणजे पूर्ण जाळी झाकणारं पत्र्याचं कवच. काही जण प्लॅस्टिकच्या पट्ट्या जाळीतून आरपार ओवून पंखा थेट रेडिएटरला बांधतात. तसं करू नका. हादऱ्याने ती पट्टी नळीवर घासत राहते आणि काही महिन्यांत पाणी गळायला लागतं.

फॅन उतरवायला अर्धा तासही लागला नाही. पण तिथे एक गोम आहे. फॅन आणि पुली एकाच चार बोल्टांवर बसतात. फॅन आणि त्यामागचा स्पेसर काढला की तेच बोल्ट लांब पडतात. ते तळाला टेकतात, आवळल्यासारखे वाटतात, आणि पुली मात्र सैलच राहते. तेवढ्याच आट्यांचे आखूड बोल्ट आणून, स्प्रिंग वॉशर टाकून पुली बसवली. आणि हो, पट्टा तसाच राहतो. वॉटर पंप आणि अल्टरनेटर (वीज करून बॅटरी भरणारं यंत्र) त्याच्यावरच आहेत. फॅन काढला म्हणजे पट्टा गेला असं समजणारे दोघे जण मला त्याच आठवड्यात भेटले.

तापमानाचा स्विच कुठे बसवायचा यावर बरीच डोकेफोड झाली. रेडिएटरच्या टाकीला डाग देऊन बसवणं शक्य होतं, पण नव्या जाळीला हात लावायचं मन होईना. शेवटी उद्यमनगरात लेथवर पितळेचा एक तुकडा करून घेतला. दोन्ही टोकं वरच्या होस पाइपच्या मापाची, मध्ये २२ मिलिमीटरची आटी. पाइप मधोमध कापायचा, तुकडा घालायचा, चार क्लिपा आवळायच्या. लेथवाल्या काकांनी दोन्ही टोकांना आपणहून बारीक कंगोरा काढून दिला, पाइप निसटू नये म्हणून. कोल्हापूरच्या कारागिराचं हे असं असतं, सांगितलेलं तर करतोच, न सांगितलेलंही त्याला दिसतं.

सगळं जोडलं, इंजिन तापवलं, ९२ गेले, ९५ गेले, पंखे ढिम्म. रिले तपासला, ठीक. स्विच काढून गरम पाण्यात तपासला, ठीक. पाऊण तास गेला. मग लक्षात आलं की स्विच एका तारेचा आहे, त्याची अर्थ, म्हणजे वीज परत जायची वाट, तो ज्या धातूत बसतो त्यातून मिळते. माझा पितळी तुकडा दोन्ही बाजूंनी रबरात! त्याला अर्थ मिळणार कुठून. एका क्लिपेखाली तार दाबून ती इंजिनाला जोडली आणि पंखे एकदम सुरू झाले. नंतर मी दोन टप्प्यांचा स्विच बसवला. पहिला पंखा ९२ ला, दुसरा ९८ ला.

फिरण्याची दिशाही तपासली. पंख्याच्या दोन तारा उलट लागल्या तर तो उलटा फिरतो, वारा इंजिनाकडून पुढे ढकलतो, आणि पळत्या गाडीत समोरच्या वाऱ्याशी भांडत बसतो. वर्तमानपत्राचा कागद रेडिएटरच्या पुढून धरला. तो जाळीला चिकटून बसला. बरोबर. मोटारीला पाणी निथळायला एक बारीक भोक असतं, ते खालच्या बाजूला येईल असे पंखे फिरवून घेतले.

पहिली खेप मे महिन्यात. मोकळी गाडी चिपळूणला उतरली, त्यात काही परीक्षा नव्हती. येताना सव्वादोन टन आंबा. शिरगाव, पोफळी, आणि मग चढ. दुसऱ्या गिअरमध्ये, पुढे उसाची मशिनरी घेऊन चाललेला ट्रेलर, त्याच्या मागे रांगत. मध्यावर ९७. माथ्याच्या दोन वळणं आधी १०३. मी थांबलो. झाकणाचा दाब असतो म्हणून १०३ ला पाणी लगेच उकळत नाही, पण ज्या घाटात पूर्वी ९२ येत होते तिथे ११ अंश जास्त म्हणजे माझं काहीतरी चुकलं होतं. इंजिन बंद केलं नाही, हलक्या रेसवर चालू ठेवलं. इंजिन बंद केलं की पंपही बंद होतो, पाणी जागच्या जागी राहतं आणि हेड आणखी तापतं, पंखे कितीही फिरोत. सात-आठ मिनिटांत ९० ला आलं.

मिस्त्री काहीच बोलले नाहीत. त्यांनी नुसतं मीटर हातात घेतलं आणि पंखे चालू असताना बॅटरीवर व्होल्टेज मोजलं, १३.४. मग पंख्याच्या टोकाशी मोजलं, ११.६. जवळपास दोन व्होल्ट वाटेतच खाल्ले जात होते. मी अडीच चौरस मिलिमीटरची तार वापरली होती आणि अर्थ चासीच्या रंगलेल्या, गंजलेल्या पट्टीला दिली होती. व्होल्टेज घटलं की मोटारीचा वेग घटतो, वेग घटला की वारा घटतो. सहा चौरस मिलिमीटरची तार टाकली, लग नीट दाबून बसवले, अर्थ थेट बॅटरीच्या उणे टोकाला नेली. पंख्याशी १३.१ मिळायला लागले. पंख्यांचा आवाजच बदलला.

दुसरी चूक काऊलची. मी तो जाळीला जवळजवळ चिकटवून बसवला होता, जेमतेम एक सेंटिमीटर अंतर. तेवढ्या अंतरात पंखा फक्त आपल्या समोरच्या गोलातूनच वारा ओढतो, कोपरे मेलेले राहतात. ज्या कामासाठी काऊल केला तेच होत नव्हतं. सोळा गेजचा पत्रा घेऊन तो साडेसहा सेंटिमीटर खोल करून घेतला आणि कडेला फोमची पट्टी लावली, म्हणजे वारा जाळीतूनच यावा, फटीतून नाही. पंख्यांच्या बाजूला उरलेल्या पत्र्यात चार चौकोन कापून त्यांवर जुन्या ट्यूबचे रबरी पडदे लावले. पंखे ओढत असले की पडदे चिकटून बंद होतात, गाडी पळायला लागली की समोरच्या वाऱ्याने उघडतात. हे नसतं तर सपाटीवर काऊलच वाऱ्याला अडवत बसला असता.

तिसरी गोष्ट घाटात नाही, रांगेत समजली. माझा अल्टरनेटर ४५ अँपिअरचा. दोन पंखे २८, हेडलाइट नऊ-दहा, टपाचे आणि मागचे दिवे धरून तीन-चार. कागदावर जमतं. पण ४५ हा आकडा इंजिन जोरात फिरत असतानाचा. हलक्या रेसवर अल्टरनेटर निम्माही देत नाही. पहाटे चारला यार्डाच्या रांगेत दिवे लावून, पंखे चालू-बंद होत दीड तास उभा राहिलो, गाडी एकदा बंद पडली आणि स्टार्टरने नुसतं टक् केलं. ढकलस्टार्ट करायला रांगेतल्या हमालांनी हात लावला, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. त्यानंतर ७५ अँपिअरचा अल्टरनेटर टाकला आणि पुली मात्र याच पट्ट्याच्या खाचेची बसवून घेतली. हा खर्च मी सुरुवातीला धरलाच नव्हता. तुम्ही करणार असाल तर पंख्यांच्या आधी अल्टरनेटरची पाटी वाचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, शेवटच्या आंब्याची खेप. तोच घाट, दुपारी एक वाजता, तेवढाच माल. मध्यावर ९२, माथ्यावर ९६. दोन्ही पंखे चालू. म्हणजे भरल्या गाडीला चढावर लोखंडी फॅन आजही माझ्या पंख्यांपेक्षा चार अंशांनी सरस आहे, आणि ते मी लपवणार नाही. त्या वेळी इंजिन जोरात फिरत असतं, त्यामुळे त्या फॅनचा वाराही जबरदस्त असतो. यार्डाच्या रांगेत मात्र पूर्वीच्या ९८ ऐवजी काटा ८७ ते ९२ मध्येच फिरतो. हिवाळ्यात इंजिन पाच-सहा किलोमीटरात तापतं, त्यात थर्मोस्टॅटचा वाटा मोठा आहे.

डिझेलचं सगळेच विचारतात. टाकी काठोकाठ भरून मोजलं, चार खेपा आधी, चार नंतर. लिटरला ९.४ होते ते ९.७ झाले. यातही नवी जाळी, थर्मोस्टॅट आणि पंपाचा हात असणार. विजेचे पंखे फुकट चालत नाहीत. २८ अँपिअर म्हणजे पावणेचारशे वॉट, आणि अल्टरनेटर निम्म्याच्या जरा वर कार्यक्षम धरला तर इंजिनाकडून जवळपास एक अश्वशक्ती जाते. फरक एवढाच की ती फक्त पंखे चालू असताना जाते, आणि सपाटीवर ते क्वचितच चालू होतात. ज्यांना डिझेलच वाचवायचं आहे त्यांनी आधी टायरमधली हवा आणि एअर फिल्टर बघावा.

मिस्त्रींचा पहिला आक्षेप राहिला होता, फ्यूज उडाला तर? त्यासाठी दोन्ही पंख्यांना वेगळा रिले, वेगळा फ्यूज, वेगळी तार. एक गेला तर दुसरा राहतो. डॅशबोर्डवर एक हाताने चालू करायचा स्विच आहे, तापमानाचा स्विच बिघडला तर त्याच्यावर घरी येता येतं. घाट सुरू व्हायच्या आधी पोफळीलाच मी तो दाबतो, म्हणजे ९२ ची वाट बघावी लागत नाही. हेडवर वेगळा सेन्सर बसवून १०० अंशांना वाजणारा भोंगा लावलाय. स्वतंत्र तारेवर, रिलेशी संबंध नसलेला. जादा रिले आणि फ्यूज सीटखालच्या डब्यात. आणि तो जुना लोखंडी फॅन, स्पेसर आणि त्याचे चार लांब बोल्ट, कापडात गुंडाळून टपावरच्या पेटीत. तासाभरात परत बसवता येतो.

आबांचा प्रश्न मात्र अडकूनच होता. पुढच्या हंगामात ते एका खेपेला सोबत आले. चढ लागला आणि ते अस्वस्थ झाले, सारखे पुढे वाकून ऐकायला बघत होते. फॅनचा तो घोंगावणारा आवाज नव्हता, नुसतं इंजिन. "मला कायच कळंना," म्हणाले. तीस वर्षं ज्या आवाजावर त्यांनी गाडी सांभाळली तो मी काढून टाकला होता, आणि हे मला वायरिंग करताना एकदाही सुचलं नव्हतं.

परत आल्यावर दोन छोटे दिवे आणले. एक हिरवा, पहिल्या पंख्याचा, एक तांबडा, दुसऱ्याचा. दोन्हींच्या तारा रिलेच्या नाही, थेट पंख्याच्या टोकाला जोडल्या, म्हणजे पंख्यापर्यंत वीज पोचली तरच दिवा लागेल. ड्रायव्हरच्या समोर नाही, डाव्या बाजूला, आबा बसतात तिकडे बसवले.

आता घाटात ते बाहेर बघतच नाहीत. हिरवा लागला की "लागला," म्हणतात, तांबडा लागला की "दोन्ही." मी गिअर बदलतो. विझला की तेही सांगतात.